‘आईला विचारून येतोस व्हय?’

दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्या मुलाच्या मित्राच्या वडिलांनी मला दोनच प्रश्न विचारले. “गाडी कुणाच्या नावावर? चालवत कोण होतं?” दोन्हींची उत्तरं त्यांना माहीत होती. आत त्यांच्या मुलाच्या पायाला प्लॅस्टर चढत होतं, माझ्या मुलाच्या गळ्याखालचं हाड मोडलं होतं, आणि तिसरा, ज्याला खरचटलंसुद्धा नव्हतं, तो बाकावर बसून मोबाईल चाळत होता. त्या दिवसापासून सगळ्या ओळखीपाळखीत मी ‘सोळा वर्षांच्या पोराला गाडी देणारी बाई’ झाले आहे. ज्यांना उरलेलं ऐकायचं नव्हतं त्यांच्यासाठी नाही, पण ज्यांच्या घरी अकरावी-बारावीतलं मूल आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी गाडी दिली नव्हती. मी ऑफिसात होते. चावी दाराशेजारच्या खुंटीला होती. पोरांनी क्लास बुडवला आणि ट्रिपल सीट पन्हाळ्याला निघाली. कोल्हापुरातून पन्हाळा वीसेक किलोमीटर. पावसाळ्यात सगळं कोल्हापूर तिकडे धुकं बघायला आणि कणीस खायला जातं. वाघबीळच्या पुढे, ओल्या वळणावर गाडी घसरली. समोरून काही येत नव्हतं, म्हणून तिघं आज आहेत. एवढंच घडलं. अपघातावर मला जास्त लिहवत नाही.

एक मात्र कबूल करते. दूध, कोथिंबीर आणायला तो कोपऱ्यापर्यंत गाडी नेतो हे मला ठाऊक होतं. त्याचंच पुढे काय झालं ते नीट वाचा, कारण हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे, गाडी तुमच्या संमतीनेच नेली असं कोर्ट धरून चालतं. तुम्हाला माहीत नव्हतं, किंवा तुम्ही पुरेशी काळजी घेतली होती, हे तुम्ही सिद्ध करायचं. कोपऱ्यापर्यंत दूध आणायला पाठवणारी आई हे कोणत्या तोंडानं सिद्ध करणार? सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं असं पुष्कळांना वाटतं. ते ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. आपल्या दारातल्या स्कूटर ११० नाहीतर १२५ सीसीच्या असतात. विमा कंपनीनं गाडीच्या नुकसानीचा दावा एका पत्रात नाकारला, चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हतं म्हणून.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, त्याच्या वडिलांना अटक झाली, तेव्हा मी टीव्हीसमोर बसून म्हणाले होते, “बापाला आत टाकला ते बरं झालं.” माझ्यावर खटला झाला आणि कोर्टात पहिली तारीख पडली तेव्हा ते वाक्य मला शब्दन्‌शब्द आठवलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

अपघातानंतर सहा आठवडे मी माझ्या मुलाला एकच प्रश्न विचारत होते. “तुला नको म्हणता येत नव्हतं?” जेवताना, औषध देताना, पट्टा बदलताना. तो खाली बघायचा. सहा आठवड्यांनी त्यांच्याच ग्रुपमधल्या एका मुलीनं मला एक व्हिडिओ पाठवला. सोबत एवढंच लिहिलं होतं, ‘काकू, हे तुम्ही बघायला पाहिजे.’ वाघबीळच्या चहाच्या टपरीवरचा, त्या तिसऱ्यानं काढलेला, ४८ सेकंदांचा. पाऊस झोडपतोय. माझा मुलगा म्हणतो, “पाऊस वाढलाय, इथनंच माघारी जाऊया.” कुणी ऐकत नाही. पुन्हा म्हणतो. तिसऱ्यांदा म्हणतो तेव्हा व्हिडिओ काढणाऱ्याचा आवाज येतो, “आईला विचारून येतोस व्हय?” आणि ज्याचा पाय मोडला, ज्याच्या वडिलांनी मला व्हरांड्यात उभं केलं, तो म्हणतो, “लाव की फोन, परवानगी काढू.” सगळे हसतात. माझा मुलगाही हसतो.

ते हसणं मी ओळखते. लहानपणी रडू यायच्या आधी तो असाच हसायचा. मग तो किल्ली फिरवतो.

तीन वेळा. माझं पोर तीन वेळा नको म्हणालं होतं, आणि सहा आठवडे मी त्याला विचारत होते की नको का म्हणाला नाहीस. व्हिडिओ दाखवल्यावर मी त्याला विचारलं, हे सांगितलं का नाहीस? म्हणाला, “तू त्यांच्या घरी गेली असतीस. मग ते आणखी हसले असते.”

मी त्यांच्या घरी गेलेच. व्हिडिओ दाखवला. पाय मोडलेल्या मुलाच्या आईनं पूर्ण बघितला आणि म्हणाली, “पोरं चेष्टा करतातच, तुमच्या मुलानं मनावर कशाला घ्यायचं?” चहा विचारला नाही, माफी तर दूरच. लोक मला असंही म्हणाले की दिवसातून चारदा मुलाला फोन करते म्हणून पोरं चिडवत होती. करते. कामावर जाणारी आई फोन करणारच. त्यात मी चुकले असं मी आजही मानत नाही.

मग आम्ही दोघं एका समुपदेशक बाईंकडे गेलो. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. अमेरिकेत टेंपल विद्यापीठातल्या गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांचा प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. पडद्यावर गाडी चालवायचा खेळ, पिवळा दिवा लागला की थांबायचं की आणखी पुढं रेटायचं ते आपण ठरवायचं. मुलं १३ ते १६ वर्षांची. एकटी असताना जेवढा धोका घेत, त्यापेक्षा कितीतरी जास्त धोका दोन मित्र शेजारी बसल्यावर घेत. चोविशीपुढच्या माणसांना मित्र शेजारी असले-नसले तरी फरक पडला नाही. म्हणजे माझा एकटा मुलगा आणि दोघांना मागं बसवलेला माझा मुलगा, ही दोन वेगळी मुलं होती. खुंटीला चावी ठेवताना मी फक्त पहिल्यालाच ओळखत होते.

दुसरी गोष्ट सॉलोमन अ‍ॅश यांची, १९५० च्या दशकातली. खोलीत सगळे जण मुद्दाम उघड उघड चुकीचं उत्तर देतात, तेव्हा डोळ्यांना बरोबर दिसत असूनही कितीतरी माणसं त्यांच्यामागं जातात. पण खोलीत एकानं जरी बरोबर उत्तर दिलं, तर हे मागं जाणं एकदम घटतं. हे ऐकून माझा मुलगा पहिल्यांदा मान वर करून बोलला. “टपरीवर एक जण जरी म्हणाला असता ना, की चल माघारी...”

म्हणून ‘मुलांना नाही म्हणायला शिकवा’ हा सल्ला मला देऊ नका. त्याला येत होतं. निसटायला वाट नव्हती. आता आम्ही ती करून ठेवली आहे. त्यानं मला ‘आजीची गोळी दिली का’ असा मेसेज टाकला की पाच मिनिटांत मी फोन करते आणि शेजारच्यांना ऐकू जाईल असं ओरडते, आत्ताच्या आत्ता घरी ये. शिव्या मला बसू देत. घरी आल्यावर त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही, ही अट त्यानं घातली आणि मला ती पाळायला फार जड जाते. मुलांच्या मित्रांची नावं नुसती माहीत असून भागत नाही, त्यांच्या आईवडिलांचे नंबर ठेवा, आणि त्यातलं एक घर तरी असं शोधा जिथं तुमचं ऐकून घेतील. ग्रुपमध्ये तुमच्या मुलासारखाच बिचकणारा एखादा असतो. त्याला घरी जेवायला बोलवा. मुलांशी बोला, दुसऱ्यांशी तुलना करू नका, हे सगळे सांगतात, तेही करा. झोप उडाली, मूल गप्प झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, मोफत आहे, चोवीस तास. मी रात्री दोनला लावला होता. आणि चावी खुंटीवरून आजच काढा. कोपऱ्यापर्यंतसुद्धा नाही.

खटला चालू आहे. मुलगा व्हिडिओ डिलीट कर म्हणतो. वकिलांनी ठेवायला सांगितलाय. तो काढणारा मुलगा दिवाळीत अठरा पूर्ण करतोय, त्याच्या वडिलांनी बाईक बुक केली आहे असं कानावर आलं. त्याला लायसन्स मिळेल. माझ्या मुलाचं पंचविशीपर्यंत लांबलं आहे. मी त्याला एवढंच सांगून ठेवलंय, त्याच्या मागं बसायचं नाही.