अ‍ॅप की संकेतस्थळ?

हल्ली कोणत्याही संस्थेची वार्षिक सभा भरली की तरुण सभासदांपैकी कोणी तरी उठून "आपले अ‍ॅप कधी होणार?" असे विचारतोच. प्रश्न उत्साहाचा आहे व उत्साहाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु न्यासाचा पैसा हा देणगीदारांचा, पर्यायाने गरजू विद्यार्थ्यांच्या फीचा पैसा होय. म्हणून हे अ‍ॅप काय आहे आणि त्यावाचून अडते काय, हे सभासदांनी व घरच्या मंडळींनी समजून घेणे अगत्याचे आहे.

घरात कार्य निघाले म्हणजे मोठी तपेली व हंडे विकत आणता येतात, किंवा समाजाच्या सामाईक भांड्यांतून कार्यापुरते मागून आणता येतात. विकतचे भांडे केव्हाही हाताशी असते, पण ते माळ्यावर जागा अडवते आणि त्याची कल्हई आपणच करावयाची. फोनवर उतरवून घेतलेले अ‍ॅप हे असे विकतचे भांडे. ते फोनमध्ये जागा व्यापते, वारंवार सुधारणा मागते आणि बहुधा अँड्रॉइडसाठी एक व आयफोनसाठी दुसरे असे दोनदा घडवावे लागते. वेब-अ‍ॅप मात्र ब्राउझरमध्येच उघडते. दुरुस्ती एकदा सर्व्हरवर केली की ती सर्वांना पोचते, मग फोन कोणत्याही कंपनीचा असो.

मग अ‍ॅपचा एवढा डांगोरा का? २००७ च्या जून महिन्यात अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोनसाठी वेब-अ‍ॅपच लिहावेत असे सांगितले होते. पुढे १० जुलै २००८ रोजी त्याच कंपनीने अ‍ॅपचे दुकान उघडले, विक्रीवर शेकडा ३० अडत ठेवली, आणि २००९ पासून प्रत्येक कामासाठी एक अ‍ॅप आहे अशी जाहिरात सुरू झाली. दुकानदाराने आपल्या मालाची स्तुती करावी यात नवल ते काय!

आपल्या देशातही या लाटेचा अनुभव येऊन गेला आहे. मे २०१५ मध्ये कपडे विकणाऱ्या मिंत्राने आपले संकेतस्थळ बंद करून केवळ अ‍ॅपवर व्यापार चालविला. जून २०१६ मध्ये ते पुन्हा उघडावे लागले. तिची मालक कंपनी फ्लिपकार्ट हिनेही मोबाईलचे संकेतस्थळ मिटले होते, आणि २०१५ च्या नोव्हेंबरात 'फ्लिपकार्ट लाइट' नावाचे हलके वेब-अ‍ॅप काढले. एवढ्या मोठ्या भांडवलाच्या पेढ्यांना जे परवडले नाही, ते लहान न्यासाने का करावे?

याहून बोलके उदाहरण को-विनचे. १ मार्च २०२१ रोजी लोकांची नोंदणी सुरू झाली तेव्हा आरोग्य मंत्रालयाला सांगावे लागले की लाभार्थ्यांसाठी को-विनचे अ‍ॅप नाही, जे आहे ते प्रशासकांसाठी. नोंदणी संकेतस्थळावरच करावी. तत्पूर्वी त्या नावाची बनावट अ‍ॅपे निघालेली होतीच.

अ‍ॅप निरुपयोगी आहे असा मात्र याचा अर्थ नव्हे. यूपीआयने पैसे देण्यासाठी फोन व त्यातील सिमकार्ड यांची गाठ घालावी लागते. ते काम ब्राउझर करीत नाही. डोंगराळ वाडीवर, रेंज नसलेल्या ठिकाणी दीर्घकाळ काम करावयाचे असेल तरही अ‍ॅपच बरे. आता ब्राउझरही काही पाने फोनवर साठवून ठेवू शकतो, तथापि त्याला मर्यादा आहेत.

न्यासाची गरज पाहू. शिष्यवृत्तीचा अर्ज, सभेची सूचना, देणगीची पावती: यांपैकी एकही काम अ‍ॅपशिवाय अडत नाही. अर्ज भरणाऱ्या मुलाच्या घरी बहुधा एकच साधा फोन असतो आणि तोही भरलेला. वर्षातून एकदा लागणाऱ्या अर्जासाठी त्याने फोटो पुसून जागा का करावी? शिवाय अ‍ॅपलच्या दुकानात अ‍ॅप ठेवण्याची साधारण वर्गणी वर्षाला ९९ डॉलर आहे, आणि बनविणाऱ्याचे देखभालीचे बिल वेगळे. कोटेशन घेऊन येणाऱ्या गृहस्थास एवढेच विचारावे, की तिसऱ्या वर्षी खर्च किती आणि सभासदांचे पत्ते व फोन नंबर कोणाच्या ताब्यात राहणार.

ज्यांना फोनच्या पडद्यावर न्यासाचे चिन्ह हवेच असेल त्यांनी अँड्रॉइडवर क्रोममध्ये संकेतस्थळ उघडून कोपऱ्यातील तीन ठिपके दाबावे व होम स्क्रीनवर जोडण्याचा पर्याय निवडावा. चिन्ह तेथे येते, आणि पैसा लागत नाही.