उशाशी बसणे

शास्त्रभाग : ईयोब २:११-१३, मार्क १४:३२-४२, मार्क १५:२३

आपल्या मंडळीत कोणी आजारी पडले की आपण भेटीस जातो. ही चांगली रीत आहे व ती टिकावी. पण आजार बरा होणारा नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावर आपल्या भेटी कशा होतात, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

प्रथम माझीच कबुली. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका काकूंना कर्करोग झाला. आम्ही पाचसहा जण गेलो, गीत गायिले, काकू बऱ्या होऊन उपासनेस येवोत अशी प्रार्थना केली, चहा घेतला आणि निघालो. दारापाशी त्यांची मुलगी हळूच म्हणाली, "आई रात्रभर कण्हत असते हो." अर्धा तास बसलो होतो, पण "काकू, दुखते का?" एवढे आमच्यापैकी एकानेही विचारले नव्हते.

ईयोबाच्या मित्रांना आपण शब्बाथशाळेत नेहमी दोषच देतो. पण त्यांची चूक तोंड उघडल्यावर झाली. त्याआधी सात दिवस व सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर नुसते बसून राहिले, हे शिक्षकांनी वर्गास जरूर दाखवावे. गेथशेमानेत प्रभूनेही पेत्र, याकोब व योहान यांच्याकडे उपाय मागितला नाही. जवळ राहा आणि जागे राहा, एवढेच मागितले.

लंडनच्या सिसिली साँडर्स (१९१८-२००५) यांना आपल्या कामाचा पाया याच प्रसंगात सापडला. त्या आधी परिचारिका, मग रुग्णालयात समाजसेविका व शेवटी डॉक्टर झाल्या. १९४८ मध्ये वॉर्सॉहून आलेला डेव्हिड टास्मा नावाचा एक यहूदी वेटर कर्करोगाने मरणपंथास लागला होता. त्याच्याशी बोलता बोलता, अशा माणसांसाठी एक घर असावे ही कल्पना निघाली. त्या घराची आपण एक खिडकी व्हावे, अशी इच्छा धरून त्याने ५०० पौंड मागे ठेवले. घर उभे राहण्यास पुढे एकोणीस वर्षे लागली. तेच १९६७ चे सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस.

दुखणे केवळ देहाचे नसते, असे साँडर्सबाई सांगत. भीती असते, मुलाबाळांची काळजी असते, देवाने मला टाकले काय हा प्रश्नही असतो. मात्र देह पेटलेला असताना यांपैकी कशावरही बोलता येत नाही. त्या काळी रोगी असह्य होऊन ओरडू लागला म्हणजे मॉर्फिन देत. बाईंनी ते घड्याळ पाहून, दर चार तासांनी, तोंडावाटे देण्यावर भर दिला. आधीच्या मात्रेचा गुण ओसरण्यापूर्वीच पुढची. रोगी गुंगीत पडून राहण्याऐवजी घरच्यांशी बोलू लागले.

आपल्याकडे मॉर्फिन म्हटले की लोक दचकतात. व्यसन लागेल, श्वास थांबेल असे म्हणतात. जाणत्या डॉक्टरांनी दुखण्याच्या मानाने मात्रा बेताने वाढवीत नेली तर असे क्वचितच घडते. बद्धकोष्ठ मात्र हटकून होते, म्हणून बरोबर रेचक द्यावे लागते. दुसरी हरकत आपल्या विश्वासातून येते. प्रभूने वधस्तंभावर खिळले जाण्यापूर्वी बोळ मिसळलेला द्राक्षारस नाकारला, मग आपण औषध का घ्यावे? पण त्याने तो स्वतःपुरता नाकारला. आजाऱ्याला 'सोस' म्हणून परत पाठविल्याचे शुभवर्तमानात कोठे आहे? ज्याला दुखते आहे त्याने ते वचन हवे तर स्वतःला लावावे. धडधाकट माणसाने खाटेवरच्याला लावू नये.

औषध मिळणेही सोपे नव्हते. इंदूरच्या वाचकांना मंदसौर-नीमचची अफूची शेते ठाऊक असतील. मॉर्फिन निघते ते या अफूतूनच. तरी १९८५ च्या अमली पदार्थांच्या कडक कायद्यानंतर परवान्यांच्या धास्तीने रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सुटसुटीत झाले, पण गावोगावी औषध पोहोचलेले नाही. गोव्यात लोटलीचे शांती अवेदना सदन आहे, हैदराबादेत एम. एन. जे. कर्करोग रुग्णालयात या उपचाराचा विभाग आहे. आपल्या माणसांना ही ठिकाणे माहीत असावीत.

आपल्या मंडळ्यांनी खरे पाहावे ते केरळकडे. कोझिकोडे येथे डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये वेदनाशमनाची संस्था काढली. बहुतेक रोगी घरीच पडून असतात, तेव्हा सेवाही घरी गेली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. पुढे शेजारीपाजारीच स्वयंसेवक झाले. आठवड्यास निदान दोन तास देऊ शकणाऱ्यास शिकवावयाचे, १६ तास वर्गात व चार दिवस रोग्यांमध्ये. कूस कशी बदलावी, जखम कशी धुवावी, न टोकता कसे ऐकावे. या सर्व धर्मांच्या लोकांमागे डॉक्टर व परिचारिका असतात. दोन तास आपल्या महिला मंडळाला किंवा तरुण संघाला जड आहेत काय? तेवढ्यात घरची सून निदान एक झोप काढील.

काकूंना पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी मॉर्फिन सुरू केले. त्यानंतर मी एकटाच गेलो आणि बसून राहिलो. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "मी आता जाणार ना रे?" मी "हो काकू" म्हणालो. त्यांनी उशीखालून चष्मा काढला, मला कागद घ्यावयास लावले, आणि अंत्यविधीस कोणती गीते गावी व पेटी कोणी वाजवू नये, हे दोन्ही लिहून घ्यावयास सांगितले.