आधी बारा व्होल्ट बघ

गिऱ्हाईक म्हणेल, ‘गेम लावला की पीसी रीस्टार्ट होतो.’ लगेच रॅम काढून पुसत बसू नकोस. एसएमपीएसवरचं लेबल वाच. खोक्यावरच्या मोठ्या ‘४५० वॅट’ला भुलायचं नाही, तक्त्यात +१२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघायचं. तिथे १८ असतील तर बारा अठरे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही मुख्यतः त्याच रेलवर पोसायचे. उरलेला आकडा ५ आणि ३.३ व्होल्टच्या नावावर फुगवलेला असतो, आणि आजच्या मशीनला तिथे फारसं काही लागतच नाही. १२V१, १२V२ असे दोन रकाने असतील तर नुसती बेरीज मारू नकोस. दोघांची मिळून मर्यादा वेगळी लिहिलेली असते.

पूर्वी प्रोसेसरचा भार बहुतेक ५ व्होल्टवर असायचा. २००० साली पेंटियम फोर आला, बरोबर तो चार पिनांचा चौकोनी कनेक्टर आला, आणि भार १२ वर सरकला. म्हणून माळ्यावरचा जुना सप्लाय ‘चालू तर आहे’ म्हणून नव्या बोर्डाला लावायचा नाही.

हिरवी वायर काळीला जोडली, पंखा फिरला, म्हणजे सप्लाय ठणठणीत असं पुष्कळ जण धरून चालतात. रिकाम्या पोटी सगळेच सरळ उभे राहतात रे! गेम चालू असताना मोज. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेव, मोकळ्या मोलेक्समध्ये काळी प्रोब काळ्या वायरीच्या पिनेत आणि लाल प्रोब पिवळीच्या. ११.४ ते १२.६ च्या आत हवं. लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५. नारिंगीचे ३.३ मोजायला २४ पिनांच्या कनेक्टरच्या मागून प्रोब घालावी लागते. तिथे हात थरथरू देऊ नकोस, शेजारच्या पिनेला टेकली की संपलं. स्वस्तातल्या सप्लायमध्ये १२ आणि ५ एकाच फीडबॅकला बांधलेले असतात. गेम लावल्यावर १२ उतरून ११.२ आणि ५ चढून ५.३ दिसले, तर पुढे शोधाशोध नको, सप्लाय बदल. बायोसमधल्या आकड्यांवर मात्र निकाल देऊ नकोस.

मीटरवर सगळं ठीक आणि तरी मशीन लटकतंय? रिपल असू शकतो, तो मीटरला दिसत नाही. दुकानात एक खात्रीचा सप्लाय ठेव आणि लावून बघ.

मशीन अजिबात हूं की चूं करत नसेल तर आधी जांभळी मोज. पीसी बंद असला तरी तिच्यावर ५ व्होल्ट हवेत. त्यामुळेच कार्ड किंवा रॅम काढताना मागचं बटण बंद करून पिन उपसायची.

सप्लायचं झाकण उघडू नकोस. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतं आणि पिन काढल्यावरही काही वेळ टिकून राहतं.

आणि मॉड्युलर सप्लाय बदललास तर केबलीही त्याच्याच लाव. सप्लायकडच्या टोकाच्या पिना प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने लावते. खटकन बसते म्हणून जुनी केबल ठेवलीस, तर हार्ड डिस्कच्या ५ च्या जागी १२ जातील आणि गिऱ्हाईक लग्नाचे फोटो मागत दारात उभं राहील.