ध्वनीचे शिखरमूल्य कसे मोजावे?

संगणकाने निर्माण केलेला नाद म्हणजे मुळात आकड्यांची एक लांबलचक रांग होय. १९५७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी 'म्युझिक' ही आज्ञावली लिहिली, तेव्हापासून जेम्स मॅकार्टनी यांच्या १९९६ मधील 'सुपरकोलायडर'पर्यंत हे तत्त्व बदललेले नाही. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत सेकंदाला ४४,१०० आकडे असतात आणि सुपरकोलायडरमध्ये ते उणे १ ते अधिक १ यांच्या आत राहावे लागतात. मर्यादा ओलांडणारा आकडा ध्वनियंत्राकडे जाताना कापला जातो. लाटेचा माथा सपाट होतो आणि स्वरात मुळात नसलेली करकर शिरते. अशी करकर ध्वनिमुद्रणात उतरली, की मागाहून आवाज लहान करूनही ती जात नाही. म्हणून कोणताही नाद रचताना मी प्रथम त्याचे शिखरमूल्य पाहतो.

रीत अगदी सोपी आहे. प्रत्येक आकड्याचे चिन्ह सोडून द्यावे (उणे ०.९ हे ०.६ पेक्षा मोठेच!), आजवरच्या मोठ्यात मोठ्या आकड्याशी त्याची तुलना करावी आणि तो मोठा निघाल्यास साठवावा. सुपरकोलायडरमधील 'पीक' हा घटक हेच करतो. संकेत मिळताच जुने विसरून तो नव्याने मोजू लागतो. पडद्यावर सेकंदाला वीस वेळा मूल्य दाखवायचे असेल, तर दर खेपेस २,२०५ आकडे होऊन गेलेले असतात. त्या क्षणीचा एकच आकडा उचलला, तर उरलेले २,२०४ निसटतात. तबल्याची थाप नेमकी त्यांतच असायची!

शिखर म्हणजे कानाला जाणवणारा मोठेपणा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. थापेचे शिखर उंच असूनही क्षणात ओसरते. तानपुऱ्याचे शिखर ठेंगणे, पण नाद भरलेला.

खरी गंमत पुढेच आहे. सेकंदाला ११,०२५ कंपने असलेली, १ उंचीची शुद्ध लाट घ्या. तिच्या प्रत्येक आवर्तनाच्या वाट्याला चारच आकडे येतात. लाट ४५ अंशांवर सुरू झाली, तर ते ०.७०७, ०.७०७, उणे ०.७०७, उणे ०.७०७ असे पडतात. 'पीक' ०.७०७ सांगतो, आणि लाट मात्र दोन आकड्यांच्या मधे १ ला शिवून येते. फरक ३ डेसिबलचा! मोजणीवर विसंबून कोणी हे आकडे वाढवून १ वर नेले, तर खरी लाट १.४१४ पर्यंत चढेल. आकडे निर्दोष दिसतील. करकर मात्र पुढच्या यंत्रात उमटू शकेल. २२० कंपनांच्या स्वरात दर आवर्तनाला सुमारे २०० आकडे असल्याने ही चूक नगण्य राहते.

यावर उपाय म्हणजे मधले आकडे गणिताने भरून रांग चौपट दाट करणे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस.१७७० या शिफारशीत हीच पद्धत दिली आहे. वरच्या लाटेत तसे केल्यास एक आकडा नेमका माथ्यावर पडतो. एवढी खटपट नको असेल, तर शिखर ०.७ च्या आत ठेवावे. वरच्या लाटेपुरते तेवढे पुरते. अनेक उंच स्वर मिसळलेल्या नादाला मात्र चौपट मोजणीच हवी.