संगणकांतील साखळी तोडायची कशी?

१२ मे २०१७ रोजी इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांत संगणकांच्या पडद्यावर खंडणीची मागणी झळकली. 'वॉनाक्राय' या घातक आज्ञावलीने फायलींना जणू कुलूप घातले होते. नोंदी उघडेनात; रुग्णांच्या हजारो भेटी आणि काही शस्त्रक्रियाही रद्द कराव्या लागल्या.

ही बाधा इतक्या झपाट्याने कशी पसरली? विंडोज प्रणालीत फायलींची देवाणघेवाण करणाऱ्या भागात एक फट होती. बाधित संगणक जाळ्यातील असे इतर संगणक आपोआप शोधून त्यांत शिरकाव करी. समजा, प्रत्येक बाधित संगणक दर मिनिटाला एका नव्या संगणकात बाधा पोचवतो. तर १ चे २, २ चे ४, असे दहा मिनिटांत १,०२४ होतील! अणुविभाजनाची साखळी प्रक्रिया अशीच वाढते.

मग उपाय कोणता? पहिला, फट बुजवणे. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती १४ मार्चलाच, म्हणजे ५९ दिवस आधी दिली होती. अनेक ठिकाणी ती बसवलीच नव्हती. दुसरा, जहाजाच्या तळाशी जलाभेद्य कप्पे असतात तसे जाळ्याचे विभाग पाडणे. तिसरा, महत्त्वाच्या नोंदींची प्रत जाळ्यापासून अलग ठेवणे. कारण जोडलेल्या प्रतीलाही बाधा होऊ शकते.

थोडक्यात, दुरुस्तीने साखळी तुटते, विभागांमुळे ती अडते आणि अलग प्रतीमुळे गेलेले परत मिळते. तुमच्या शाळेतील संगणकांसाठी यांपैकी काय केले आहे, हे शिक्षकांना जरूर विचारा.