थीब्ज नगरीतील एक दिवस

इजिप्त देशाचा नकाशा पाहिला, तर पिवळ्या वाळवंटातून दक्षिणेकडून उत्तरेकडे गेलेली एक बारीक हिरवी रेघ दिसते. ती रेघ म्हणजे नाईल नदीचे खोरे होय. या नदीच्या काठी, कैरो शहराच्या दक्षिणेस सुमारे साडेसहाशे किलोमीटरांवर लक्सर नावाचे शहर वसले आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वी येथे फेरोंची, म्हणजे इजिप्तच्या सम्राटांची, वैभवशाली नगरी होती. तिचे रहिवासी तिला ‘वासेत’ म्हणत. ग्रीक लोकांनी तिला ‘थीब्ज’ हे नाव दिले.

सूर्य पूर्वेस उगवतो व पश्चिमेस मावळतो. म्हणून प्राचीन इजिप्तच्या लोकांनी नदीचा पूर्वतीर जिवंतांचा व पश्चिमतीर मृतांचा मानला. पूर्वेस त्यांनी देवांची मंदिरे व घरेदारे उभारली. पश्चिमेच्या डोंगरांत आपल्या राजांना चिरनिद्रा दिली. माणसाचे शरीर टिकले आणि त्याचे नाव लोकांच्या ओठांवर राहिले, तर तो मरणानंतरही जगतो, अशी त्यांची श्रद्धा होती.

हिवाळ्यातील एका पहाटे कैरोच्या एका शाळेतील मुले आपल्या शिक्षकांसह लक्सरच्या धक्क्यावर उभी होती. त्यांना दिवसभर हिंडविण्यासाठी एक वयस्क वाटाड्या आला होता. पलीकडच्या तीरावरील खेड्यातच त्याचा जन्म झाला होता. त्याच्या आजोबांनी त्या डोंगरांत उत्खननाच्या मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या. मुले त्याला आदराने ‘उस्ताद’ म्हणत.

नाव निघाली. मुलांत बारा वर्षांचा एक चुणचुणीत मुलगा होता. फेरोच्या नावाशेजारी आपले नाव कोरून येईन, अशी पैज त्याने घरी मित्रांशी मारली होती. नावेच्या फळीतून निसटलेला एक गंजका खिळा त्याला पायाशी सापडला. इकडेतिकडे पाहून त्याने तो हळूच खिशात टाकला.

पैलतीरी उतरताच उसाची शेते लागली. त्या हिरव्या शेतांच्या कडेला दगडाचे दोन प्रचंड पुतळे बसलेले दिसले. प्रत्येकाची उंची सुमारे अठरा मीटर. हे दोन्ही पुतळे आमेनहोटेप तिसरा या राजाचे होत. त्यांच्या पाठीमागे त्याचे विशाल मंदिर होते. परंतु भूकंपाने ते ढासळले, पुरांनी पोखरले, आणि पुढच्या राजांनी त्याचे दगड नेले. मंदिर गेले, द्वारपाल तेवढे उरले! प्राचीन काळी भूकंपात यांपैकी एक पुतळा भंगला. त्यानंतर पहाटेच्या वेळी त्यातून एक विलक्षण नाद निघे. तो ऐकण्यासाठी ग्रीक व रोमन प्रवासी दूरदूरहून येत आणि पुतळ्याच्या पायांवर आपले लेख कोरून ठेवीत. हे ऐकताच त्या मुलाचा हात नकळत खिशाकडे गेला.

तेथून गाडी उघड्या, तांबूस डोंगरांत शिरली. गवताचे पाते नाही, पाण्याचा थेंब नाही. हीच ‘राजांची दरी’ होय. सुमारे पाचशे वर्षे फेरोंना येथे पुरण्यात आले. साठांहून अधिक थडगी आतापर्यंत येथे सापडली आहेत.

“उस्ताद, राजांनी पिरॅमिड सोडून असली ओसाड जागा का निवडली?” एका मुलीने विचारले.

“पिरॅमिड दुरून दिसतो, मुली; चोरालाही दिसतो,” वाटाड्या म्हणाला. “राजाबरोबर सोनेनाणे पुरले जाई. ते लपविण्यासाठी त्यांनी डोंगराच्या पोटात भुयारे खोदविली. तरीही चोरांनी ती शोधलीच. शेवटी पुरोहितांनी राजांचे देह गुपचूप हलवून एका कड्याच्या कपारीत लपविले. तेथे ते जवळजवळ तीन हजार वर्षे राहिले. १८८१ साली सरकारी अधिकाऱ्यांना ती जागा कळली, तेव्हा दुसरा रामसेस, तिसरा थुटमोस असे मोठमोठे सम्राट एकाच अंधाऱ्या खोलीत शेजारीशेजारी निजलेले आढळले.”

मंडळी सहाव्या रामसेसच्या थडग्यात उतरली. लांबच लांब उतरता बोगदा. दोन्ही भिंतींवर रंगीत चित्रे. शेवटच्या दालनाच्या छतावर आकाशदेवी नूत पसरली होती. ती संध्याकाळी सूर्याला गिळते, रात्रभर तो तिच्या देहातून प्रवास करतो आणि पहाटे पुन्हा जन्म घेतो, असा देखावा तेथे रंगविलेला आहे. मुले माना वर करून पाहतच राहिली.

तेवढ्यात त्या मुलाला भिंतीवर काही वाकडीतिकडी अक्षरे दिसली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या प्रवाशांनी खरडलेली ती नावे होती. त्याच्या मनात आले, ‘यांनी लिहिले, मग मी का लिहू नये?’ सर्वांची पाठ वळताच त्याने खिळा काढला. भिंतीला तो टेकणार, इतक्यात कोणीतरी त्याचे मनगट हलकेच धरले. तो वाटाड्या होता.

तो रागावला नाही. हळू आवाजात त्याने विचारले, “हे जुने नाव कोणाचे आहे, बाळ?”

“मला ठाऊक नाही,” मुलगा खाली मान घालून पुटपुटला.

“येथे येणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊक नसते. नाव कोणाचे, हे कोणी विचारीत नाही. चित्र कोणी बिघडविले, एवढेच विचारतात. खिळा तुझ्यापाशीच राहू दे. माणसाने आपले नाव कोठे लिहावे, हे संध्याकाळी मला सांग.”

जवळच तूतनखामेनचे लहानसे थडगे आहे. ते वाचले कसे, ही एक गंमतच आहे. सहाव्या रामसेसचे थडगे खोदताना मजुरांनी आपल्या झोपड्या नेमक्या तूतनखामेनच्या दारावरील भरावावर बांधल्या, आणि ते दार पुरतेच झाकले गेले. हॉवर्ड कार्टर या संशोधकाने अनेक वर्षे ही दरी धुंडाळली. अखेर ४ नोव्हेंबर १९२२ रोजी त्या झोपड्यांखाली एक पायरी लागली. आत पाच हजारांहून अधिक वस्तू होत्या. घाई न करता एकेका वस्तूची नोंद घेऊन, तिचे छायाचित्र काढून ती बाहेर आणण्यास सुमारे दहा वर्षे लागली.

“आपला श्वाससुद्धा या चित्रांना बाधतो,” वाटाड्याने सांगितले. “शेकडो माणसांच्या श्वासातील व घामातील ओल भिंतींवर बसते. रंग सुटू लागतात. म्हणून या थडग्याची हुबेहूब प्रतिकृती तयार करून २०१४ साली ती जवळच उभारली आहे.” हे ऐकून मुलांनी आपोआप आवाज खाली आणला, एकीने तर श्वासच रोखून धरला. वाटाड्या हसला व म्हणाला, “श्वास घे, मुली. फक्त हात मागे बांध.”

डोंगराच्या दुसऱ्या अंगास, उंच कड्याच्या पायथ्याशी, राणी हॅटशेपसुटचे तीन मजली मंदिर आहे. ही राणी सुमारे वीस वर्षे फेरो म्हणून राज्य करीत होती. तिने तांबड्या समुद्राच्या मार्गाने पुंट देशी जहाजे पाठविली. तेथून आणलेली सुगंधी वृक्षांची रोपे मुळांसकट टोपल्यांत ठेवून माणसे वाहून नेत आहेत, असे चित्र मंदिराच्या भिंतीवर कोरलेले आहे. परंतु कित्येक ठिकाणी राणीची आकृती मात्र छिन्नीने काढून टाकलेली दिसते. तिच्यामागून राज्य करणाऱ्या तिसऱ्या थुटमोसच्या कारकिर्दीत तिचे नाव पुसण्याचा मोठा प्रयत्न झाला. पुढे हजारो वर्षे लोक तिला विसरले. १८२२ साली शाम्पोलियन या फ्रेंच विद्वानाने प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीचे कोडे सोडविले. मग विद्वानांनी पुसट खुणा वाचून, तुकड्याला तुकडा जोडून राणीचे चरित्र पुन्हा उभे केले.

“एवढ्या मोठ्या राणीचेही नाव पुसता येते?” मुलाने विचारले.

“दगडावरचे पुसता येते,” वाटाड्या म्हणाला. “चला, आता ज्यांनी छिन्नी हाती धरली त्यांच्या घरी जाऊ.”

टेकड्यांच्या कुशीत देर एल-मदिना नावाच्या जागी घरांचे जुने पाये ओळीने दिसतात. राजांची थडगी खोदणारे पाथरवट, चित्रकार व लेखनिक येथे राहत. चुनखडीच्या कपच्या हा त्यांचा कागद. अशा हजारो कपच्या येथे सापडल्या आहेत. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयातील एका कपचीवर तर कामगारांची हजेरीच आहे. कोणी का आला नाही, याची कारणे तिच्यावर लिहिली आहेत: एकाला विंचू चावला, एक आजारी होता, एक आपले घर बांधीत होता! तिसऱ्या रामसेसच्या काळी, इ. स. पू. ११५७ च्या सुमारास, या कामगारांचे वेतनाचे धान्य थकले. त्यांची मुलेबाळे उपाशी राहू लागली. तेव्हा हत्यारे खाली ठेवून ते मंदिराजवळ जाऊन बसले. इतिहासात नोंद झालेला हा पहिला संप होय.

फावल्या वेळात हे कारागीर स्वतःसाठीही लहान थडगी खोदीत. सेन्नेजेम नावाच्या कारागिराच्या थडग्यात मुले वाकून उतरली. खोली अगदी लहान. पण रंग जणू काल दिलेले! परलोकीच्या शेतात सेन्नेजेम नांगर धरून चालला आहे, त्याची पत्नी इयनेफर्ती त्याच्यामागून बी पेरीत आहे. दोघांनी शुभ्र वस्त्रे परिधान केली आहेत. मुलगा त्या चित्रापुढे बराच वेळ थांबला. राजाच्या भिंती ज्यांनी सजविल्या, त्यांपैकी एकाचे नाव व तोंड आता त्याला ठाऊक झाले होते.

दुपारी नदी ओलांडून मंडळी पूर्वतीरी कर्नाकच्या मंदिरात आली. तेथील एकाच सभामंडपात १३४ खांब आहेत. मधल्या बारा खांबांची उंची सुमारे एकवीस मीटर भरते. खांबांच्या त्या अरण्यात मुले मुंग्यांसारखी दिसू लागली. पलीकडे हॅटशेपसुटने उभारलेला गुलाबी ग्रॅनाइटचा सूच्याकार स्तंभ आहे. सुमारे तीस मीटर उंचीचा व तीनशेहून अधिक टन वजनाचा हा स्तंभ अखंड शिळेचा आहे. अस्वानच्या खाणीतून ती शिळा नाईल नदीने तराफ्यावरून येथे आणली. खाणीतील काम सात महिन्यांत पुरे झाले, असे राणीने त्याच्या पायथ्याशी लिहून ठेविले आहे. थुटमोसने या स्तंभाभोवती भिंत बांधून तो झाकून टाकला. पण त्या आडोशामुळेच त्याचा खालचा भाग सुरक्षित राहिला! पुसण्यासाठी बांधलेली भिंत राखण करून गेली.

सूर्य मावळतीला टेकला तेव्हा मुले लक्सरच्या मंदिरासमोर पोहोचली. दारापुढे पूर्वी दोन सूच्याकार स्तंभ होते. त्यांपैकी एक १८३६ सालापासून पॅरिस नगरीच्या चौकात उभा आहे. दुसरा मावळत्या उन्हात तांबूस दिसत होता. मंदिराच्या भिंतीकडे बोट दाखवून वाटाड्या म्हणाला, “२०१३ साली परदेशातून आलेल्या एका शाळकरी मुलाने या मंदिरात आपले नाव कोरले. त्याचे छायाचित्र जगभर पसरले. त्याच्या आईवडिलांना सर्वांची क्षमा मागावी लागली.”

मुलगा पुढे आला. त्याने खिशातून खिळा काढून वाटाड्याच्या तळहातावर ठेवला.

“उस्ताद, आपण विचारले होते. मला उत्तर नीट सांगता येणार नाही. पण सेन्नेजेमने राजाच्या थडग्यात स्वतःचे नाव खरडले नाही. त्याने फक्त चांगले काम केले. तरी मला त्याचे नाव पाठ आहे.”

वाटाड्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. “हे उत्तर पुरेसे आहे, बाळ. आता हा खिळा नावाड्याला देऊ. त्याच्या नावेची एक फळी सकाळपासून करकरते आहे.”

रात्री आगगाडी कैरोकडे निघाली. बाहेर नाईलच्या पाण्यावर चांदणे पसरले होते. मुलाने आपली वही उघडली व पहिल्या ओळीवर सुवाच्य अक्षरांत ‘सेन्नेजेम’ असे लिहिले. त्याखाली ‘इयनेफर्ती’, मग ‘हॅटशेपसुट’. थोडा विचार करून त्याने पानाच्या अगदी तळाशी, लहान अक्षरांत, स्वतःचे नाव लिहिले आणि मधली सारी जागा मोकळी ठेवली.

स्वाध्याय

१. प्राचीन इजिप्तच्या लोकांनी नाईलचा पश्चिमतीर मृतांचा का मानला?
२. तूतनखामेनचे थडगे चोरांच्या हाती पुरते का लागले नाही?
३. “पुसण्यासाठी बांधलेली भिंत राखण करून गेली.” या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. मुलाने वहीतील मधली जागा मोकळी का ठेवली असावी? तुमच्या शब्दांत सांगा.