जुनी गाडी घेताना वरचे अठ्ठावीस हजार

मी सातारा तालुक्यात शिक्षक आहे आणि घर सांगलीत. आई तिथे असते, म्हणून दर शनिवारी शाळा सुटली की कराड, पेठ नाका, आष्टा करत सांगली गाठायची आणि रविवारी रात्री परतायचं. जाऊन-येऊन जवळपास अडीचशे किलोमीटर. एसटीने बरीच वर्षं काढल्यावर २०१८ मध्ये पहिली जुनी गाडी घेतली, २०१४ची पेट्रोल वॅगनआर. २०२३ मध्ये दुसरी घेतली. दोन्ही वेळा दुकानदाराने सही करण्याआधी तोच कागद पुढे सरकवला: एक वर्षाची वॉरंटी, रंगावर सिरॅमिक कोटिंग, गाडीच्या तळाला गंजरोधक कोटिंग, मिळून २८ हजार. पहिल्या वेळी सगळं घेतलं. दुसऱ्या वेळी यातलं काहीच घेतलं नाही. मधल्या पाच वर्षांत कळलेलं लिहितो आहे. शाळेतले तरुण सहकारी आता गाड्या घेऊ लागले आहेत आणि मधल्या सुट्टीत 'हे वरचं घ्यावं का?' हाच प्रश्न विचारतात.

१. गाडीची किंमत ठरते तेव्हा आपण जागे असतो, वरचे पैसे ठरतात तेव्हा थकलेले

गाडीच्या किमतीसाठी मी तीन आठवडे घासाघीस केली आणि पाच हजार कमी करून घेतले. वॉरंटीचा विषय निघाला तेव्हा कर्ज मंजूर झालं होतं, पेढे आणले होते, आई बाहेर खुर्चीवर थांबली होती. दुकानातला मुलगा नम्रपणे म्हणाला, "सर, हप्त्यात फक्त साडेसातशे-पावणेआठशे वाढतील." मी हो म्हटलं.

घरी येऊन आकडेमोड केली. १४ टक्के व्याजाने चार वर्षांच्या कर्जात २८ हजार मिसळले की हप्ता सुमारे ७६५ रुपयांनी वाढतो आणि शेवटी ३६ हजार ७०० रुपये भरले जातात. वॉरंटी एका वर्षाची, हप्ते चार वर्षांचे. संपून गेलेल्या वॉरंटीचे पैसे मी पुढे तीन वर्षं भरत होतो. म्हणून पहिली गोष्ट: वरचं काही घ्यायचंच असेल तर रोखीने घ्या, कर्जात घालू नका. रोख मोजताना हात थांबला, तर ती वस्तू तुम्हाला नको आहे असं समजा.

२. "काय काय झाकलं आहे" हे शेवटी वाचा, "काय नाही" हे आधी वाचा

माझ्या वॉरंटीच्या माहितीपत्रकाच्या पुढच्या पानावर इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, एसी असं ठळक छापलं होतं. मागच्या पानावर बारीक अक्षरात वगळलेल्या गोष्टी होत्या. सहाव्या महिन्यात पुण्याच्या रस्त्यावर खंबाटकीच्या चढावर क्लच घसरायला लागला. इंजिन ओरडत होतं आणि गाडी पुढे सरकत नव्हती. क्लच प्लेट वगळलेली. ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, शॉकअब्सॉर्बर, वायपर, रबरी बूट, सगळं 'झिजणारे भाग' म्हणून वगळलेलं. साध्या जुन्या पेट्रोल गाडीत नेमके हेच भाग जातात.

मग अकराव्या महिन्यात पॉवर स्टिअरिंगची मोटर गेली. ती यादीत होती. मी निर्धास्त होतो. तर कळलं की वॉरंटी '१२ महिने किंवा १२ हजार किलोमीटर, जे आधी होईल ते'. शनिवार-रविवारच्या फेऱ्यांनीच वर्षाला १३ हजार होतात. माझे १२ हजार दहा महिन्यांच्या आतच संपले होते. यात कुणी खोटं बोललं नव्हतं. मात्र मी आठवड्याला गाडी किती चालवतो, हे विक्री करताना कुणी विचारलं नाही आणि सही करताना मीही सांगितलं नाही. एवढ्या एका प्रश्नाने माझा निर्णय बदलला असता.

बाकी विचारायचं ते असं. एका वेळच्या दुरुस्तीला रकमेची मर्यादा किती? इंजिन उघडून बघायची मजुरी कोण देणार? सर्व्हिस ठरावीक वर्कशॉपलाच करावी लागते का, आणि ते वर्कशॉप साताऱ्यात किंवा सांगलीत आहे का, की पुण्याला जावं लागेल? पहिले किती दिवस दावा करता येत नाही? उत्तर तोंडी मिळालं तर ते कागदावर लिहून सही-शिक्क्यानिशी घ्या.

३. वॉरंटीमागे कोण उभं आहे?

हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारलाच नाही. गाडी बनवणाऱ्या कंपनीची वाढीव वॉरंटी शिल्लक असेल तर तिचं मोल आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन ती किती उरली आणि नव्या मालकाच्या नावावर होते का, हे विचारता येतं. दुकानदाराची स्वतःची वॉरंटी दुकान चालू आहे तोवरच. तिसऱ्याच कंपनीची असेल तर दुकानदार नंतर हात वर करतो, आणि ती कंपनी फोनपलीकडे असते. यातली कुठलीही वॉरंटी म्हणजे विमा नव्हे. विमा हा विमा कंपनीच्या पॉलिसीवरच असतो आणि त्याची तक्रार विमा लोकपालाकडे नेता येते.

४. गंजाचं कोटिंग आणि आपला पाऊस

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. त्याच साताऱ्याच्या माण-खटावात आणि सांगलीच्या जत-आटपाडीत टँकर लागतात. तेव्हा 'आपल्याकडे गंज फार' हे सरसकट वाक्य खरं नाही. गाडी खाते ती समुद्राची खारी हवा. रत्नागिरी-मालवणला रोज राहणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. शिवाय जुन्या गाडीच्या तळाला आधीच गंज धरला असेल आणि तो न घासता वरून काळा थर मारला, तर ओल आत कोंडते आणि गंज झाकलेल्या जागी वाढत राहतो. माझ्या पहिल्या गाडीचा तळ असाच छान काळा दिसत होता. मिरजेच्या मिस्त्रींनी तिसऱ्या वर्षी गाडी वर उचलून स्क्रूड्रायव्हरने एक ठिकाण टोकरलं, तर पापुद्रा निघाला आणि खालून तांबडी भुकटी पडली.

रंगावरच्या कोटिंगबद्दल एवढंच: चमक येते, पहिला पावसाळा बरी टिकते. उसाच्या ट्रॉलीने ओरखडा काढला तर ती काही करू शकत नाही.

५. पहिला खर्च मिस्त्रीवर

गाडी वर्षभरात बिघडेल या भीतीवर वॉरंटीचे साडेचौदा हजार खर्च करण्याआधी, ती आज बिघडलेली नाही ना हे बघायला दीड हजार खर्च करा. तुमच्या ओळखीचा मिस्त्री न्या, दुकानदाराचा नको. इसार देण्याआधी न्या.

२०२० मध्ये एका सहकाऱ्यासाठी गाडी बघायला आम्ही मिस्त्रींना घेऊन गेलो. पांढरी, स्वच्छ, आतून अत्तराचा वास. मिस्त्रींनी बोनेट उघडलंच नाही. मागच्या सीटवर बसले आणि पट्टा ओढायला लागले, अगदी शेवटपर्यंत, जिथपर्यंत रोज कुणी ओढत नाही. पट्ट्याच्या टोकाशी वीतभर पट्टी वेगळ्या रंगाची निघाली, चहाचा डाग वाळावा तशी, आणि कडेला बारीक माती. मग त्यांनी डिकीतली स्टेपनी काढली. तिच्या खाचेत बोट फिरवलं, गाळ. सीटच्या रुळाचे बोल्ट गंजलेले. ते एवढंच म्हणाले, "गुरुजी, ही गाडी पुरात होती."

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. त्यानंतर अशा किती गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या ते कोण सांगणार? त्या पांढऱ्या गाडीवरही दुकानदार एक वर्षाची वॉरंटी द्यायला तयार होता. वॉरंटीच्या मागच्या पानावर 'पूर आणि आधीपासूनचा दोष वगळून' असं होतं. वायरिंगमध्ये शिरलेल्या पाण्याने वर्षभरातच काही जळलं असतं, तर सहकाऱ्याच्या हाती काहीही आलं नसतं.

६. विम्याचे जोड (ॲड-ऑन) मात्र कृष्णाकाठी घ्यावेत

हे मी माझ्या मेहुण्याकडून शिकलो. तो सांगलीत गावभागात राहतो. २०१९च्या पुरात त्याची गाडी सीटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर, मिस्त्री येण्याआधी, त्याने किल्ली फिरवली. "दाजी, एकदाच सेल मारून बघितला," तो फोनवर म्हणाला. सिलिंडरमध्ये पाणी होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकला. फुल्ल इन्शुरन्स होता, त्यात पूर धरलेला असतोच, म्हणून सीट आणि वायरिंगचे पैसे घसारा वजा करून मिळाले. इंजिनाचे ६२ हजार मिळाले नाहीत. पुराने झालेलं नुकसान आणि गाडी चालू केल्याने झालेलं नुकसान, विमा कंपनी या दोन गोष्टी वेगळ्या धरते.

पुढच्या नूतनीकरणाला त्याने अकराशे रुपये देऊन इंजिन संरक्षणाचा जोड घेतला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं. गाडी अडकली. या वेळी त्याने बॅटरीचा निगेटिव्ह काढला, फोटो काढले, कंपनीला कळवलं आणि गाडी ट्रकवर टाकून वर्कशॉपला नेली. इंजिन उघडून साफ करण्याचा खर्च मंजूर झाला.

दुसरा जोड झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचा. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांना ५० टक्के घसारा लागतो, म्हणजे आठ हजारांच्या बंपरचे चार हजार तुमचे, शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे हजार रुपये वेगळे. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या पत्र्यालाही ४० टक्के घसारा आहे. झिरो डेप साधारण पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला मिळतो, काही कंपन्या सात वर्षांपर्यंत देतात. तोवर घ्यावा.

विमा दुकानदाराकडूनच घ्यायचं बंधन नाही. दोन-तीन ठिकाणी विचारा.

७. आधी कागद नावावर

कवच कितीही चांगलं असलं तरी गाडी आणि पॉलिसी तुमच्या नावावर नसेल तर ते तुमचं नाही. मालकी बदलल्यावर १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करायची असते. थर्ड पार्टीचा भाग गाडीबरोबर येतो. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचाच राहतो, तेवढा फरक तुम्हाला भरावा लागतो. मला २०१८ मध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं. दोन महिने मी दुसऱ्याच्या नावाच्या पॉलिसीवर घाट चढत-उतरत होतो.

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर घालून बघा. आरटीओत कर्जाचा बोजा उतरला आहे का, चलन थकलंय का, तेही तपासा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओकडून अधिकारपत्र घेण्याची तरतूद लागू झाली आहे. ते दाखवायला सांगण्यात संकोच करू नका.

८. वॉरंटी कधी घ्यावी

कधीच घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी असेल, किंवा २०२० नंतरची बीएस-६ डिझेल, तर एकच बिघाड अर्धा लाख मागतो. तिथे कंपनीची वॉरंटी, तुमच्या किलोमीटरला पुरणारी, रोखीने मिळत असेल तर घ्या. बीएस-६ डिझेलच्या धूर गाळणाऱ्या फिल्टरचं नाव यादीत लिहून घ्या. साध्या हाताच्या गिअरच्या पेट्रोल गाडीला मी घेणार नाही. २०२३ मध्ये मी वॉरंटीचे साडेचौदा हजार पोस्टात वेगळ्या खात्यात टाकले. आजवर त्यातून एक क्लच, दोन पॅड आणि एक बॅटरी निघाली. बाकी पैसे खात्यात आहेत.

९. फसवणूक झालीच तर

तोंडी आश्वासन देऊन कागदावर वेगळंच लिहिलं असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, गाडी पुण्यात घेतली असली तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. मी माझ्या स्टिअरिंगच्या वेळी तक्रार केली नाही, कारण कागदावर माझी सही होती आणि कागद खरा होता.

या पावसाळ्यात तुमची गाडी कुठे पाण्यात सापडली, तर एवढं करा: सेल मारू नका. बॅटरी सोडवा, फोटो काढा आणि विमा कंपनीला फोन करा.